हातात न घेता खोटा ठरवलेला बिल्ला

सुरतेतल्या डिंडोलीच्या त्या सोसायटीत चंद्राशी थेट संबंध असलेला माणूस एकच, भाईदास बोरसे. आणि संबंध तरी कसला? चंद्रावरून आलेली कुठलीही वस्तू त्याला दाखवा, तो मान तिरकी करणार, मोबाइल डोळ्यांजवळ नेणार आणि म्हणणार, "खोटी."

पोटापाण्याला तो पर्वत पाटियाजवळच्या एका एम्ब्रॉयडरीच्या खात्यात, म्हणजे कारखान्यात, मास्तर. साड्यांवर मोर आणि कैऱ्या काढणाऱ्या मशीनच्या रांगेतून कमरेवर हात ठेवून फिरायचं, कुठे धागा तुटला, कुठे टाका सुटला ते बघायचं आणि कारागिरांवर ओरडायचं. बाकी सगळा वेळ तो अवकाशात. लॉकडाउनमध्ये मशीन बंद पडल्या तेव्हा हे खूळ लागलं. लोक पत्ते कुटत होते, आणि हा मोबाइलवर परदेशातले लिलाव बघत बसायचा. कुणा अंतराळवीराचा हातमोजा, कुणाच्या टोपीचं बटण, चंद्राला फेरी मारून आलेला म्हणे कापडी बिल्ला. बोली लावायची ऐपत नव्हती आणि बायकोची, चंचलची, परवानगी तर त्याहून नव्हती. हा फक्त बघायचा. बायका दुकानात साड्या उलगडायला लावून काहीच न घेता उठतात, अगदी तसा.

पण बघता बघता गड्याची नजर तयार झाली. एकदा दोन बिल्ले विकायला आले, दोन वेगळ्या अंतराळवीरांचे, दोन वेगळ्या मोहिमांतले. भाईदासने दोघांच्या गरुडाच्या पंखात त्याच जागी चुकलेला तोच टाका शोधला. म्हणजे दोन्ही एकाच कॉम्प्युटर डिझाइनवर निघालेले. दुसऱ्या वेळी कुणी उपग्रहाच्या अंगावरचं सोनेरी वेष्टन म्हणून एक तुकडा फ्रेम करून लावला होता. भाईदास हसून हसून बेजार. लग्नाच्या साड्या ज्या चकचकीत कागदावर ठेवून पॅक करतात, तो कागद! घडी पडलेली रेघसुद्धा तशीच होती. खात्यात नोटा तपासायचा जांभळा दिवा होता, तो त्याने घरी आणला आणि घरातला प्रत्येक कपडा त्याखाली धरून बघितला. नवा पॉलिस्टर धागा त्या उजेडात निळा पेटतो, जुना सुती धागा मुकाट राहतो, हे त्याला असं कळलं. चंचलच्या माहेरच्या 'अस्सल' शालूचं काय झालं ते मात्र घरातच राहिलं. दोन दिवस स्वयंपाक करपत होता एवढंच शेजारपाजारला कळलं.

अशा जिनसांची आवड असलेल्या लोकांचा मोबाइलवर एक ग्रुप होता. पुण्याचे, बंगळूरचे, नाशिकचे, मोठे मोठे लोक. तिथे भाईदासला सगळे 'मास्तरजी' म्हणायचे. कुणी काही विकत घेण्याआधी फोटो टाकायचा आणि विचारायचा, "मास्तरजी, काय वाटतं?" मास्तरजी तासभर भाव खाऊन मग निकाल द्यायचे. नुसता निकाल दिला तर कोण वाचतो? म्हणून शेवटी एक कोपरखळी. निकाल लोक विसरायचे, कोपरखळ्या पुढे पाठवायचे. सोसायटीच्या बाकड्यावर त्या मोठ्याने वाचल्या जायच्या आणि भाईदास कुणाकडे न बघता कान टवकारून बसायचा.

आणि मग तो बारडोलीचा बिल्ला आला.

नीलम नावाच्या मुलीने तो इथल्याच एका लिलावाच्या साइटवर ठेवला होता. गोल, तळहातात मावेल एवढा, निळ्या मखमलीवर उपग्रह आणि रॉकेट, कडेला सोनेरी जरीची गोल किनार. खाली तिने लिहिलं होतं, वडील नरेंद्र हे अमदावादच्या अवकाश केंद्रात तंत्रज्ञ होते, ऐंशीच्या दशकात एका उपग्रहावर काम केलेल्या सगळ्यांना, साहेबापासून हेल्परपर्यंत, हा बिल्ला मिळाला होता. वडील आता नाहीत. बंगळूरच्या एका संग्राहकाला तो घ्यायचा होता. तो छोटंसं संग्रहालय उभं करत होता आणि बिल्ल्याखाली नरेंद्रचं नाव लिहून काचेत ठेवणार होता. मुलीने घासाघीस केली नव्हती. तिची अट एकच, नाव नीट लिहायचं.

संग्राहक ग्रुपवरचाच. त्याने विचारलं, "मास्तरजी?"

भाईदासने फोटो मोठा केला. किनार बघितली. बिल्ल्याची मागची बाजू बघितली, तिथे जरीचं टोक आत मोडून लाल धाग्याने बांधलेलं होतं. पिवळ्या सुतावर गुंडाळलेली जर. ही जर त्याने जन्मभर बघितलेली. ही सुरतचीच. आणि सुरतेत राहणाऱ्या माणसाला एक गोष्ट कुणी शिकवावी लागत नाही. बनारसी म्हणून जे जातं ते इथून जातं, जयपुरी म्हणून जातं तेही इथून, बांधणी इथून, पैठणीसुद्धा इथून. सगळ्या देशाचं डुप्लिकेट इथे निघतं. मग सुरतची जर लागलेला अवकाशाचा बिल्ला काय असणार?

त्याने लिहिलं, "हा सुरतच्या मार्केटातला माल आहे आणि मी त्याच मार्केटात भाकर खातो. ताईंच्या पप्पांनी रॉकेट सोडलंच असेल, तर ते दिवाळीला, गच्चीवरून."

ग्रुपवर हशा पिकला. संग्राहकाने हात काढून घेतला. कुणीतरी साइटला कळवलं, त्यांनी बिल्ल्यावर 'संशयास्पद' असा लाल शिक्का मारून तो उतरवला.

संग्राहकाकडून नंबर आणि दिव्याची गोष्ट मिळवून नीलमने भाईदासला वेगळा निरोप पाठवला. "काका, मी बिल्ला घेऊन सुरतला येते. तुमच्या त्या दिव्याखाली बघा, हातात घ्या, मग बोला."

भाईदासने उत्तर दिलं, "दिवा कशाला जाळायचा? डोळे पुरेत."

पुन्हा तिचा निरोप. "मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे. रक्त न बघता रिपोर्ट देत नाही आम्ही. आई विचारते, त्या माणसाने बिल्ला हातात तरी घेतला होता का?"

यावर भाईदासने हसऱ्या तोंडाचं चित्र पाठवलं. एकच. तेही त्याला त्या वेळी खूप सभ्यपणाचं वाटलं.

श्रावण लागला. खानदेशातल्या कानबाई देवीचा रविवार आला आणि भाईदासच्या घरी सगळे भाऊबंद गोळा झाले. दारात आंब्याच्या पानांचं तोरण, चौरंगावर नथ घातलेलं नारळाचं कानबाईचं रूप, आणि आत बायका रोटाच्या, म्हणजे कानबाईच्या नैवेद्याच्या, पुरणपोळ्या लाटत घामाघूम. रोट बाहेरच्याला देत नाहीत, त्यामुळे घरातला प्रत्येक माणूस पोट धरून बसलेला. उद्या तापीवर न्यायच्या आत सगळं संपवायचं म्हणून एकमेकांच्या ताटात पोळ्या ढकलणं चालू. अशा वेळी पोट हलवायला काहीतरी विनोद लागतोच.

"भाईदास, तो बारडोलीवाला सांग ना," मावसभाऊ लखन म्हणाला.

"कोणता?" भाईदास म्हणाला. जणू त्याला माहीतच नाही!

"तो गच्चीवरचा!"

भाईदासने घसा साफ केला, मोबाइल काढला, बिल्ल्याचा फोटो सगळ्यांना दाखवला आणि रंगवून सांगितला. बायकाही पदर तोंडाला लावून हसल्या. मोबाइल हातोहात फिरत कोपऱ्यात बसलेल्या उखाबापूकडे गेला. उखाबापू भाईदासचे चुलते, वय झालेलं, कानाने जरा कमी. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी सुरतेत जरीकामात घालवली होती आणि आता डोळ्यांना लांबचं दिसत नसलं तरी हातातलं नेमकं दिसायचं. विनोद त्यांना ऐकूच आला नव्हता. त्यांनी फोटो बघितला, अंगठ्याने पुढे सरकवला, बिल्ल्याची मागची बाजू आली आणि म्हातारा लहान पोरासारखा अहिराणीत ओरडला.

"अरे, हाऊ ते आमना हातना शे!"

"काय बापू?"

"हाऊ बिल्ला! आम्ही करेल शे! हाई देख, लाल दोरा. टोक आतमा मोडीसन लाल दोरानी बांधानी माले सवय व्हती. शेठ मन्हावर वरडे, म्हने, मांगे कोन देखस? मी म्हनू, मी देखस ना!"

मग बापूंना आवरणं शक्यच नव्हतं. अमदावादहून साहेब लोक जीप घेऊन आले होते. उपग्रहावर काम केलेल्या सगळ्यांना बिल्ला द्यायचा होता आणि जरीकामाला जवळचं ठिकाण सुरतच. शेठने कारखान्यातल्या सगळ्यांना बसवलं. रॉकेट कसं असतं ते कुणालाच माहीत नव्हतं, साहेबाने भिंतीवर खडूने काढून दाखवलं. पहिल्यांदा केलं ते गाजरासारखं दिसलं म्हणून उसवून पुन्हा केलं. जाताना साहेब म्हणाले होते, तुमचं काम आमच्या माणसांच्या छातीवर राहील.

घरात आनंदाला उधाण आलं. "बापू, तुम्ही कधी सांगितलं नाही!" "अरे, कोन इचारं माले?" लखनने बापूंचा हात धरून फोटो काढला. कुणी म्हणालं, आपलं घराणं अवकाशात पोचलं. कुणी म्हणालं, भाईदास, टाक ना तुझ्या ग्रुपवर! आणि ज्या तोंडांनी आत्ताच हसून पोट हलवलं होतं, त्याच तोंडांनी कानबाईचा जयजयकार झाला. विनोदाचं आता काय झालं, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

आलं ते दोघांच्या. एक भाईदास, जो हातातला पुरणपोळीचा घास तसाच धरून बसला होता. आणि दुसरी चंचल, जी स्वयंपाकघराच्या दारात लाटणं घेऊन उभी होती.

"खा ना," ती हळूच म्हणाली. "रोट उरवत नाहीत."

भाईदासने घास गिळला.

सोमवारी कानबाई तापीवर पोचवून आल्यावर त्याने पहिलं काम काय केलं असेल? माफी मागितली? छे. ग्रुपवर जाऊन आपली ती ओळ पुसली. गुपचूप, मांजराने ताटातलं पळवावं तशी. मग तिच्या जागी लिहिलं, "सदर बिल्ल्याबाबत नवीन माहिती हाती आली असून तो अस्सल असण्याची शक्यता नाकारता येत नाही." इतकी शुद्ध मराठी त्याने शाळेतसुद्धा लिहिली नव्हती.

चंचलने खांद्यावरून वाचलं. "हे कुणी लिहिलं? कलेक्टरने?"

"बरोबर तर आहे."

"त्या पोरीच्या बापाला खोटारडा म्हणताना तर कसं, भाकर-बिकर सगळं काढलंस. आणि आता शक्यता नाकारता येत नाही? माय वं! जीभ कुठे गेली तुझी?"

"ग्रुपवर मोठे लोक आहेत, चंचल. एकदा चुकलो म्हटलं तर पुन्हा कोण विचारेल मला?"

"म्हणजे तिच्या बापाचं नाव गेलं तरी चालेल, तुझं मास्तरजी राहिलं पाहिजे."

भाईदासने मोबाइल उलटा ठेवला. पुसून तरी काय झालं होतं? त्या ओळीचे फोटो लोकांनी कधीच काढून ठेवले होते. कुणी तिच्याखाली फटाक्याचं चित्र जोडलं होतं. ती आता त्याची राहिली नव्हती, गावभर उनाडत होती. खात्यात मशीनच्या आवाजात उभा असताना त्याला वाटायचं, आता बारडोलीत नीलमची आई हेच वाचत असेल. अशा वेळी त्याचे कान तापायचे आणि तो उगाचच एखाद्या कारागिरावर खेकसायचा. मग तेही आठवून आणखी लाज. उखाबापू रोज विचारायचे, "भाईदास, तो बिल्लावाला घरना लोके कसा शेतस? एकदा भेटाले जाऊत ना." हा म्हणायचा, "जाऊ बापू, जाऊ." आणि दुसऱ्या दिवशी बापू पुन्हा विचारायचे, तितक्याच हौसेने.

शेवटी एका रविवारी निघाले. भाईदासने नीलमला एवढंच कळवलं होतं, "भेटायला येतो." बापूंनी धोतर कडक इस्त्रीचं नेसलं, वर कोट चढवला. बारडोलीच्या बसमध्ये ते खिडकीतून ऊस बघत खुशीत बसले होते, जणू मुलगी बघायला चाललेत. भाईदासने त्यांना विनोदाचं सांगितलं नव्हतं. वाटेत सांगू, म्हणाला होता. वाट संपली.

घर साधं, दोन खोल्यांचं, दारात तुळतुळीत सारवल्यासारखं पुसलेलं. नीलमने दार उघडलं, भाईदासचा चेहरा ओळखला आणि बाजूला झाली. आत तिची आई मीराबाई खुर्चीत बसल्या होत्या. भिंतीवर नरेंद्रचा फोटो, कामावरच्या निळ्या कपड्यांत.

"जय भीम," मीराबाई म्हणाल्या.

"जय भीम, ताई," भाईदास म्हणाला आणि पुढचं सगळं विसरला.

बापूंना विसरायचं काही नव्हतंच. त्यांनी बिल्ला मागितला. मीराबाईंनी कपाटातून डबी काढून त्यांच्या हातात दिली. बापूंनी बिल्ला उलटा केला, लाल गाठीवरून नख फिरवलं. मग हळूहळू बोलायला लागले, जीप, साहेब, खडू, गाजर. मीराबाई पुढे झुकून ऐकत होत्या. एकदा हसल्याही. "आमच्या ह्यांना कोणी विचारलं, हा बिल्ला कुठला, तर म्हणायचे, सुरतच्या चांगल्या कारागिरांनी केलाय," त्या म्हणाल्या. "सणाला शर्टावर लावायचे. मग काढून डबीत."

भाईदासला वाटलं, आता आपण उठून बाहेर जावं, बसस्टँडवर बसावं आणि बापू आले की घरी जावं. तेवढ्यात मीराबाई त्याच्याकडे वळल्या.

"तुम्हीच का ते? विनोद करणारे?"

"हो, ताई."

"मी तो नीलमच्या मोबाइलवर वाचला. बाजारात एका पोराने मला ओळखून मागून तोच म्हटला. मला तो तुमच्या तोंडून ऐकायचाय."

"ताई, चूक झाली. त्यासाठीच तर..."

"ती पुढे सांगा. आधी म्हणा. मोठ्याने म्हणा, बापूंना कमी ऐकू येतं ना?"

भाईदासने नीलमकडे बघितलं. ती हाताची घडी घालून दाराला टेकून उभी होती. बापू मान वर करून वाट बघत होते, त्याच्याकडे हसत बघत, कारण भाईदासचा विनोद म्हणजे हसायचं हे त्यांना माहीत होतं.

आणि भाईदासने तो म्हटला. भिंतीवरच्या फोटोसमोर, मोठ्याने. सुरतच्या मार्केटातला माल, दिवाळी, गच्ची, सगळं. बाकड्यावर ज्या जागी थांबून तो हशा घ्यायचा, तिथे आपोआप थांबला. कुणीच हसलं नाही. ते थांबणंच त्याला सगळ्यात जास्त लागलं.

बापूंचा चेहरा उतरला. त्यांनी बिल्ल्याकडे बघितलं, मग पुतण्याकडे. "सुरतना माल म्हनजे खोटा?" ते म्हणाले. "मंग आम्ही काय करत व्हतूत रे इतला वरीस?"

त्याने आयुष्यात पहिल्यांदा तो बिल्ला हातात घेतला. मखमल विटली होती. जर मात्र काळी पडली नव्हती.

"नीलमताई," तो म्हणाला, "मोबाइल धरा. व्हिडिओ करा."

नीलमने धरला. भाईदास कॅमेऱ्याकडे बघून म्हणाला, "मित्रांनो, या बिल्ल्याबाबत चूक झाली."

"कोणाची?" मोबाइलमागून नीलम म्हणाली.

"माझी."

"कसली?"

"मी हातात घेतला नाही. ताई घेऊन येते म्हणाली, तरी मी बघितला नाही. सुरतचा दिसला म्हणून खोटा म्हणालो. आणि लोकांनी हसावं म्हणून नरेंद्र साहेबांना..." तो थांबला आणि पुन्हा म्हणाला, "नरेंद्र साहेबांना मी खोटारडं म्हटलं. खोटं मीच पसरवलं. हा बिल्ला त्यांचा. हे काम आमच्या बापूंचं, उखा बोरसेंचं. मला यापुढे काही विचारू नका."

"शेवटचं वाक्य राहू दे का?" नीलमने विचारलं.

"राहू दे."

मीराबाईंनी चहा केला. माफ केलं असं त्या म्हणाल्या नाहीत, भाईदासने विचारलंही नाही. बिस्किटं त्यांनी बापूंच्या पुढे सरकवली. निघताना बापूंना म्हणाल्या, "पुन्हा या." भाईदासला म्हणाल्या, "सांभाळून जा."

बस डिंडोलीच्या दिशेला लागेपर्यंत व्हिडिओ ग्रुपवर पोचला होता. भाईदासचा मोबाइल खिशात सारखा थरथरायला लागला. बापूंनी शेवटी विचारलं, "काय म्हनतस लोके?"

भाईदासने मोबाइल बाहेर काढला. वाटलं, म्हणावं, काही नाही. मग त्याने वाचायला सुरुवात केली, बापूंना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. पुढच्या सीटवरच्या दोन बायका वळून बघायला लागल्या.

"एक म्हणतो, मास्तरजी, आता स्वतःला दिव्याखाली धरा. एक म्हणतो, आमच्या बाकीच्या वस्तू तरी नीट तपासल्या होत्या का? एक म्हणतो, डोळे पुरेत ना? नाशिकवाल्याने नुसती फटाक्यांची लड टाकली आहे. बंगळूरवाले विचारतात, नरेंद्र साहेबांचं पूर्ण नाव कसं लिहायचं."

तो निरोप त्याने नीलमला पाठवला. मग परत ग्रुप उघडला आणि राहिलेले एकेक करून वाचत राहिला, एकही न गाळता. कंडक्टरसुद्धा तिकिटं सोडून ऐकत उभा राहिला.